गाडी नसलेले पाहुणे

आमच्या मोटारमंडळात बायका बऱ्याच होत्या, पण गाडी चालवणारी मी एकटी. बाकीच्या डबे आणि स्वेटर सांभाळत शेजारी किंवा मागे बसायच्या. मी शिकले तीही हौसेने नव्हे. माझे यजमान जळगावात दातांचे डॉक्टर. त्यांनी एका म्हाताऱ्या कंत्राटदाराकडून जुनी स्टँडर्ड हेरल्ड घेतली, फिकट निळी, दोन दारांची. घेतल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की तिचा क्लच दाबला की आपला गुडघा दुखतो. विकायला मन होईना आणि चालवायला गुडघा देईना, म्हणून मग मी शिकले. भूगोलाच्या बाई निळी गाडी घेऊन शाळेत येतात याची गावात काही दिवस चर्चा झाली. पुढे लोकांना दुसरे विषय मिळाले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रस्त्यावर मारुती दिसायला लागल्या होत्या आणि ज्याच्या दारात जुनी गाडी होती त्याला घरातले लोक रोज ती काढून टाकायला सांगत होते. मंडळ निघालं ते अशा घरच्यांना कंटाळलेल्या लोकांचं. अध्यक्ष होते वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब. त्यांच्याकडे मॉरिस मायनर होती आणि ती ते स्वतः खोलत, स्वतः जोडत. चोपड्याच्या केळीवाल्या दोघा भावांची विलीज जीप होती, शिरपूरच्या एका कापूस व्यापाऱ्याची हिलमन होती. आणि धुळ्याचे आबा होते. त्यांची जिनिंग मिल होती, लँडमास्टर गाडी होती, आणि आवाज असा की बैठकीत ते बोलायला लागले की बाकीचे आपोआप थांबत.

त्या वर्षी नाशिक आणि इंदूरच्या मंडळींना बोलावून एक मोठा मेळावा घ्यायचा ठरला. शनिवारी सगळ्यांनी गाड्या घेऊन यायचं, संध्याकाळी जेवण, हॉटेलात मुक्काम, रविवारी सकाळी गाड्या मांडून गावातल्या लोकांना दाखवायच्या आणि निघायचं. जेवणाची आणि मुक्कामाची जबाबदारी माझ्याकडे आली. मी बाई म्हणून आली, हे कोणी बोललं नाही, पण ते तसंच होतं. माझ्या जोडीला आबा. त्यांनी स्वतःहून हात वर केला होता.

हे मला तेव्हाच खटकलं. आबांना जेवणाखाण्यात रस होता तो जेवण्यापुरता. याआधीच्या सहलींना ताट समोर आल्याशिवाय त्यांनी स्वयंपाकाची चौकशी केलेली नव्हती. आणि हात वर केला त्याच बैठकीत त्यांनी जागाही सांगून टाकली. धुळ्याबाहेर, मुंबई-आग्रा रस्त्यावर एक नवं हॉटेल झालं होतं, तिथेच मेळावा. मी जळगाव म्हणत होते, कारण बहुतेक माणसं जळगावकडची होती. आबा म्हणाले, इंदूरचे त्याच रस्त्याने येणार, नाशिकचे त्याच रस्त्याने येणार, मग त्यांना जळगावला वळवायचं कशाला. मुद्दा बिनतोड होता. पण हे सगळं घरून ठरवून आल्यासारखं होतं.

हॉटेल बघायला मी आणि यजमान एका रविवारी गेलो. एरंडोल, पारोळा करत हेरल्ड धुळ्याला पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. हॉटेल खरंच छान होतं. समोर मोठं लॉन, बाजूला जेवणाचा हॉल, वर खोल्या, भिंतींना अजून रंगाचा वास. मालक तरुण होता, आदबशीर होता. पण मी काहीही विचारलं की तो एकच उत्तर देई.

"ते आबांनी सांगितलंय."

लॉनवर टेबलं कशी लावायची ते आबांनी सांगितलं होतं. हॉलमध्ये फुलं किती ते आबांनी सांगितलं होतं. वरच्या मजल्यावर लॉनकडे तोंड असलेल्या खोल्या मी मागितल्या, कारण नाशिकच्या मंडळींत दोन म्हातारी जोडपी होती आणि मागच्या बाजूला रात्रभर ट्रक येऊन थांबत. मालक म्हणाला, त्या दिलेल्या आहेत. कोणाला, असं विचारलं तर म्हणाला, इंदूरच्या पाहुण्यांना.

"सगळ्या इंदूरकरांना?"

"नाही, एका कुटुंबाला. आबांचे खास आहेत."

परतताना यजमान म्हणाले, हॉटेल आबांच्या कुणा नातेवाइकाचं असणार, एवढंच. मीही तसंच धरून चालले. पण पुढच्या आठवड्यात मी चौकशी केली तेव्हा कळलं की मालक भुसावळकडचा, आबांची आणि त्याची ओळखही नवीच. म्हणजे नातं नव्हतं. मग माझा संशय गेला नाही, उलट त्याला बसायला जागाच उरली नाही आणि तो घरभर फिरायला लागला.

आबांचे फोन यायला लागले. पूर्वी ते यजमानांशी बोलत, आता मला मागून घेत. मला ते डॉक्टरीणबाई म्हणायचे. डॉक्टरीणबाई, सगळ्यांनी बायकामुलांना आणायचंच असं कळवा. डॉक्टरीणबाई, गाण्याबिण्याचा कार्यक्रम नको, लोकांना आपसात बोलायला वेळ मिळाला पाहिजे. डॉक्टरीणबाई, इंदूरच्या त्या कुटुंबाचं टेबल आमच्या टेबलाला लागून ठेवा. हे तिसरं वाक्य ते प्रत्येक फोनला म्हणत आणि प्रत्येक वेळी जणू आत्ताच सुचलं असं म्हणत.

मी एकदा सहज विचारलं, त्यांची गाडी कोणती? मला लॉनवर गाड्या लावायची आखणी करायची होती. आबा मग म्हणाले, जुनी आहे, ऑस्टिन असेल, बघू. गाडीवाल्या माणसाला दुसऱ्याची गाडी नक्की माहीत नाही, असं मी आमच्या मंडळात कधी ऐकलं नव्हतं. हे लोक एकमेकांच्या मुलांची नावं विसरत, पण कोणाचा कार्बोरेटर कधी बदलला ते सांगू शकत. मी इंदूरच्या मंडळाच्या चिटणीसाला फोन लावला. त्यांना ते कुटुंब ठाऊक नव्हतं. आमच्यात असं कोणी नाही, ते म्हणाले, आणि इंदुरात ऑस्टिन दोनच, दोन्ही आम्ही बघितलेल्या.

आता मी अध्यक्षांना सांगितलं. ते घरी आले, चहा घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली होती. अमळनेरकडे एका बाईंच्या घरी नवरा वारल्यावर त्याची एक सुंदर गाडी उभी होती. मोटारींचा शौकीन म्हणून एक माणूस तिथे येऊ लागला, दोन-तीनदा जेवला, फोटो काढले, आणि शेवटी ती गाडी भंगाराच्या भावात घेऊन मुंबईला विकली. अध्यक्षांच्या मते हा तोच प्रकार होता. आबा कुणा दलालाला पाहुणा म्हणून आणणार, सगळ्या गाड्या एका लॉनवर त्याच्यासमोर मांडणार, आणि बायकामुलांना आणायला लावायचं कारण हेच की विकून टाका असं घरातूनच बोललं जाईल.

ऐकायला हे इतकं चपखल वाटलं की मला रात्रभर झोप लागली नाही. मग मागचं सगळं त्यात बसायला लागलं. मागच्या सहलीत आबांनी चोपड्याच्या भावांना जीपचं वय विचारलं होतं. शिरपूरच्या हिलमनभोवती ते बराच वेळ फिरले होते. आमच्या हेरल्डकडे बघून एकदा म्हणाले होते, डॉक्टरीणबाई, जपा हिला. तेव्हा ते प्रेमाचं वाटलं होतं. आता त्याचाही दुसरा अर्थ दिसू लागला. अध्यक्ष म्हणाले, आत्ता काही बोलायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं.

जेवणाचा बेत नक्की करायला मला पुन्हा धुळ्याला जावं लागलं. हॉटेलच्या आचाऱ्याला पनीर, चायनीज आणि फ्रूट सॅलड करायचं होतं. मी भरीत मागत होते. हिवाळ्यात जळगावची माणसं नाशिककरांना जेवायला बोलावणार आणि भरीत नाही, हे मला घरी तोंड दाखवायला जागा ठेवणारं नव्हतं. शेवटी वांगी आम्ही आणायची, बामणोदकडची हिरवी, आणि लॉनच्या कडेला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, असं ठरलं. पनीर आचाऱ्याच्या समाधानासाठी राहू दिलं.

दुपारी आबांनी घरी जेवायला नेलं. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी मला आग्रहाने वाढलं, आणि वाढता वाढता विचारलं, "हॉलमा बलब शेतस का ट्यूबी?"

मी म्हटलं, बहुतेक ट्यूबलाइट आहेत. अक्कांचा चेहरा पडला. ट्यूबच्या उजेडात माणूस फिकं दिसतं, आजाऱ्यासारखं, त्या म्हणाल्या, तिथं बलब लावता येतील का ते हॉटेलवाल्याला विचारा. आबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या पापड आणायला आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. गाड्या विकायला बलब कशाला लागतील, हा प्रश्न मला पडला.

निघताना आबांची मुलगी मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिला मी आधी दोन-तीनदा पाहिलं होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, शिरपूरच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायची, रोज एसटीने जायची-यायची. मितभाषी होती. मी दार उघडून आत बसले तरी ती दाराला धरून उभी राहिली.

"ताई, इंदूरचे ते लोक कोणती गाडी आणणार आहेत?"

मी म्हटलं, मलाही तेच कळत नाहीये.

ती म्हणाली, "आई माझ्यासाठी साडी घेऊन आलीये. मेळाव्याला नेसायला. गाड्यांच्या मेळाव्याला आईनं आजवर स्वतःसाठी सुद्धा साडी घेतलेली नाही."

मग तिने थोडक्यात सांगितलं. तिला बघायला बरीच माणसं येऊन गेली होती. शेवटचे आले त्यांच्यातल्या एका बाईंनी तिला चष्मा काढून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगितली होती. तिने चष्मा काढला नाही. उठून आत गेली, आणि त्या दिवशी वडिलांना म्हणाली की यापुढे मला न विचारता कोणाला बोलावलंत तर मी शिरपूरला खोली घेऊन राहीन. आबांनी शब्द दिला होता. त्याला दोन वर्षं झाली होती.

"माझा संशय चुकीचा असेल," ती म्हणाली. "पण तुम्ही व्यवस्था बघताय. तुम्हाला कळलं तर मला सांगाल का?"

मी हो म्हटलं. पारोळ्यापर्यंत दलालाची सगळी गोष्ट माझ्या डोक्यातून गळून पडली होती. खास कुटुंब, जोडून टेबल, गाणं नको, बायकामुलं हवीत, बलब. एवढं मला आधी कसं दिसलं नाही याचं नवल वाटत होतं, आणि रागही येत होता. माझ्या वांग्यांच्या, माझ्या खोल्यांच्या आणि इतक्या लोकांच्या गाड्यांच्या आडून हा माणूस आपल्या मुलीला न सांगता दाखवणार होता.

मी आबांना फोनवर विचारलं नाही. कापसाच्या कामाने ते जळगावला यायचे होते, तेव्हा घरी बोलावलं. यजमान दवाखान्यात होते. मी चहा ठेवला आणि सरळ विचारलं की इंदूरची माणसं मुलगी बघायला येताहेत का.

त्यांनी नाकारलं नाही. चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाले की मुलगा चांगला आहे, इंजिनिअर आहे, माणसं आपल्याच भागातली, दोन पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली. बघण्याचा कार्यक्रम तिला नको ना, मग हा कार्यक्रमच नाही. पोहे नाहीत, प्रश्न नाहीत, सगळे जेवायला बसलेत, त्यात तेही बसलेत. तिला त्रास होणार नाही आणि त्यांनाही ती तिच्या नेहमीच्या रूपात दिसेल. त्यांनी हे इतकं विचारपूर्वक ठरवलं होतं की बोलताना त्यांचा आवाज मऊ झाला.

मी म्हटलं, "आबा, तिनं मला विचारलंय. तिनं परत विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. रागावले की ते अहिराणीवर जात.

"तुमले पोर नही शे, डॉक्टरीणबाई. तुमले काय समजी?"

मला दोन मुलगेच, मुलगी नाही. ते वाक्य मला लागलं, आणि त्यात काहीतरी खरं असेल असंही वाटलं. पण मी तशीच बसून राहिले. ते उठले आणि जाताना दारात म्हणाले की हॉटेल माझ्या शब्दावर आहे, लक्षात ठेवा. म्हणजे मी मुलीला सांगितलं तर मेळावा मोडेल. तसं ते स्पष्ट बोलले नाहीत. त्यामुळे ती धमकी होती की नुसतं दुखावलेल्या माणसाचं बोलणं, याचा मी पुढचे काही दिवस विचार करत होते.

मुलीचा फोन आला तो शिरपूरच्या एसटीडी बूथवरून. मागे माणसांचा गलका होता. मी सांगून टाकलं.

"बरं," ती म्हणाली. "मी येईन जेवायला. मला कळलंय हे बाबांना सांगू नका."

मी विचारलं, तू काय करणार आहेस? तिने फोन ठेवला होता. आणि आता माझा सगळा संशय आबांवरून उडून तिच्यावर बसला. नाशिक, इंदूर, जळगावची सगळी माणसं एका लॉनवर, आणि एक मुलगी जिला फसवलं गेलंय आणि जिला ते माहीत आहे. ती ऐन जेवणात उठून बापाला चार शब्द सुनावेल का? की येणारच नाही? मी अध्यक्षांना हे सांगू शकत नव्हते, कारण ते तिचं गुपित होतं. ते अजून दलालाच्याच समजुतीत होते आणि मी त्यांना तसंच राहू दिलं. एवढंच सांगितलं की दलालबिलाल नसेलही, मला तसं वाटेनासं झालंय. ते म्हणाले, तुम्ही भोळ्या आहात.

शनिवारी दुपारपासून गाड्या यायला लागल्या. नाशिकच्या गाड्या ओळीने आल्या तेव्हा रस्त्यावरचे ट्रकवाले थांबून बघत होते. लॉनच्या कडेला गाड्या लावून झाल्या, काड्या पेटल्या, वांगी भाजायला लागली, आणि तो वास सुटल्यावर सगळ्यांची तोंडं सैल झाली. आबा पांढऱ्याशुभ्र सफारीत फाटकापाशी उभे होते. मुलगी अक्कांबरोबर आली, ती नवी साडी नेसून. माझ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मी लावत बसले.

दिवेलागणीला इंदूरचं कुटुंब आलं. आईवडील, मुलगा आणि मुलाची आत्या. टॅक्सीने फाटकाबाहेर उतरले आणि टॅक्सी हॉटेलच्या मागे गेली. ते मी पाहिलं, आणि माझ्याशेजारी उभ्या असलेल्या अध्यक्षांनीही पाहिलं. ते सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, नमस्कार केला आणि गाडी कुठे आहे म्हणून विचारलं.

मुलाचे वडील गडबडले. मग म्हणाले की ऑस्टिन वाटेत बिघडली, शिरपूरच्या अलीकडे, म्हणून टॅक्सी करून आलो.

पुढे जे झालं ते कोणीही थांबवू शकलं नसतं, कारण आमच्या मंडळात यापेक्षा मोठी बातमी नव्हती. रस्त्यात जुनी गाडी बंद पडलीय म्हटल्यावर लोक भाजलेली वांगी सोडून गोळा झाले. काय झालं, गरम झाली का, करंट येत नाही का, पंप गेला का. चोपड्याच्या धाकट्या भावाने जीपमधून दोर काढला. नाशिकचे एक गृहस्थ बॅटरी शोधायला धावले. मुलाचे वडील प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होते. गरम झाली का, हो. पंप गेला का, हो. तेवढ्यात शिरपूरचे हिलमनवाले म्हणाले की मी आत्ताच त्या रस्त्याने आलो, मला तर कुठे ऑस्टिन दिसली नाही.

आबा पुढे आले आणि म्हणाले, राहू द्या, उद्या बघू, जेवायला चला. पण अध्यक्ष हलले नाहीत. मी त्यांचा हात धरायला गेले, तोवर ते बोलून गेले होते.

"आपण खरं सांगा. आपण आमच्या गाड्या विकत घ्यायला आलात का? आणि आबा, तुम्ही यांना आणलंत?"

आबांकडे सगळ्यांनी बघितलं. मी त्या माणसाला बैठका गाजवताना पाहिलं होतं. त्या वेळी त्यांना तोंड उघडता येईना. खरं सांगावं तर मुलगी तिथेच उभी होती. न सांगावं तर इतक्या वर्षांचे मित्र त्यांना दलालाचा हस्तक समजणार होते. सफारीच्या खिशातून त्यांनी रुमाल काढला आणि नुसता हातात धरला.

मुलगी गर्दीतून पुढे आली. आता, असं मला वाटलं.

"काका," ती अध्यक्षांना म्हणाली, "ते गाड्यांसाठी नाही आलेले. ते आमच्याकडे आलेत, माझ्यासाठी. त्यांच्याकडे गाडी नाही. बाबांना संकोच वाटला म्हणून सांगितलं नाही."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, वर्गात हजेरी घेतात तसं. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "या, आत बसू. चहा घ्या आधी, लांबून आलात."

अध्यक्ष मॉरिसच्या डिकीतून काढलेली हत्यारांची पेटी परत ठेवायला निघून गेले. लोक पांगले. आबा मात्र जिथे होते तिथेच उभे राहिले आणि मुलगी पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यात गेली ते बघत राहिले. अक्का त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

व्हरांड्यातल्या एका टेबलाशी ती आणि तो मुलगा समोरासमोर बसले. बाकीच्यांना तिनेच थोडं लांब बसवलं होतं. मला लॉनवरून दोघं दिसत होते, ऐकू येत नव्हतं. ती दोनदा काहीतरी विचारताना दिसली. तो हसून उत्तर देत होता, मग हसायचा थांबला. फार वेळ गेला नाही. नंतर सगळे जेवायला आले, पाहुण्यांचं टेबल ठरल्याप्रमाणे आबांच्या टेबलाशेजारीच होतं, आणि मुलीने आत्याबाईंना स्वतः भरीत वाढलं. भरीत फार चांगलं झालं होतं. नाशिककरांनी दोन-दोनदा घेतलं. पनीर तसंच राहिलं.

सकाळी गाड्या बघायला गावातून गर्दी लोटली होती. पाहुणे न्याहारी न करताच टॅक्सीने गेले होते. मी चहा घेत होते तिथे आबा आले. डोळे न झोपल्यासारखे होते.

"तिला तुम्ही सांगितलंत," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"कधी?"

"बरेच दिवस झाले."

ते हे मनात कुठेतरी जुळवत होते. म्हणजे इतके दिवस ती घरात सगळं माहीत असून वावरत होती, साडीही नेसली होती. "आणि तरी ती तिथं तसं बोलली," ते म्हणाले, ते मला नव्हे. मग लँडमास्टरकडे गेले आणि लोकांना तिचं इंजिन दाखवू लागले. माझ्याशी ते त्यानंतर जवळजवळ वर्षभर बोलले नाहीत. हॉटेलचं सगळं मात्र ठरल्याप्रमाणे त्यांनीच निस्तरलं.

इंदूरकडून होकार आला. मुलीने नकार दिला. याचं कारण तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. मी शिरपूरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा ती मुद्दाम भेटायला आली. मुलगा वाईट नव्हता, ती म्हणाली. तिने त्याला एवढंच विचारलं होतं की मला न सांगता हे सगळं चाललंय हे तुम्हाला माहीत होतं का. तो म्हणाला, हो, घरच्यांनी सांगितलं होतं, पण मुलींना अशा गोष्टींचं पुढे काही वाटत नाही असं आई म्हणाली.

"त्याला माहीत होतं आणि तरी तो आला," ती म्हणाली. "मग पुढे विचारण्यासारखं काही राहिलं नाही."

मी तिला विचारलं की त्या दिवशी तू बाबांना का वाचवलंस. तिला त्या शब्दाचंच नवल वाटलं असावं. ती म्हणाली, मी त्यांच्याशी घरी भांडणारच होते, आणि भांडलेही, पण ते आमचं दोघांचं होतं, मोटारवाल्यांचा त्यात काय संबंध.

पुढे दोन-तीन वर्षांनी एका दुपारी लँडमास्टर आमच्या दारात उभी राहिली. आबा लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. मुलगा मुलीच्याच कॉलेजातला, चोपड्याचा. आबांनी पत्रिका माझ्या हातात दिली, पाणी प्यायले आणि म्हणाले की पंगतीची जबाबदारी डॉक्टरीणबाईंनी घ्यायची, नाही म्हणायचं नाही. आवाज पूर्वीसारखाच मोठा होता.

मी पत्रिका उघडली नाही. विचारलं, "मुलीला माहीत आहे ना?"

आबा हसले. मी त्यांना असं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

"बठ्ठं तिनीच ठरायं, सगळं तिनंच," ते म्हणाले. "माले सगळ्यांच्या शेवटी कळलं."

मी त्यांना जेवायला थांबवलं, पंगतीचा बेत बोलले, फाटकापर्यंत सोडायला गेले. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तशी आत आले आणि तिच्या कॉलेजात फोन लावून खात्री करून घेतली.